अजून तासभर बघू

आजारी पडलेल्या ट्रक ड्रायव्हरचा ऑफिसला जाणारा फोन सहसा उशिरा जातो. अंग कणकण करायला लागतं पहाटे, फोन होतो दुपारी. मधल्या वेळात गोळी घेऊन झालेली असते, चहा घेऊन झालेला असतो, कडेला गाडी लावून अर्धा तास डोळा लावून झालेला असतो. दर वेळी मनात एकच वाक्य असतं: अजून तासभर बघू, बरं वाटलं तर कुणाला सांगायलाही नको. माल उशिरा पोचण्यात तापाचा वाटा असतोच, पण त्याहून मोठा वाटा बऱ्याचदा या ‘तासभरा’चा असतो.

आकडे मांडून बघू. माल संध्याकाळी सहाच्या आत उतरवायचा आहे. 330 किलोमीटर बाकी आहेत. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी 55 धरला तर सहा तास चालवण्याचे आणि पाऊण तास विश्रांतीचा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या आत गाडी हलली पाहिजे. पहाटे पाचला ताप भरला आणि पाचलाच सांगितलं, तर ऑफिसच्या हातात सव्वासहा तास आहेत. एवढ्या वेळात दुसरा ड्रायव्हर दोनशे किलोमीटरवरून येऊ शकतो. त्याच रस्त्यावर मोकळी परतणारी गाडी असेल तर तिच्यावरचा माणूस इकडे घेता येतो. काहीच जमलं नाही तरी माल घेणाऱ्याला सकाळीच कळवून उद्याची वेळ मागता येते, आणि त्यांची उतरवणारी माणसं दुसऱ्या कामाला लागतात. हेच अकराला कळवलं तर यातलं फक्त शेवटचं उरतं. तेही घासाघीस करून, कारण उद्याच्या वेळा तोवर दुसऱ्यांनी घेतलेल्या असतात. आजार तोच, अंतर तेवढंच. पाच वाजता तीन वाटा होत्या, अकरा वाजता एक आहे.

ड्रायव्हर गप्प का राहतो, याचं उत्तर आळस किंवा बेफिकिरी असं देणाऱ्याने एकदा पगाराची पद्धत बघावी. फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे असतील तर थांबलेली गाडी म्हणजे थांबलेली कमाई. शिवाय ‘हा सारखा आजारी पडतो’ असा शिक्का बसला की चांगल्या फेऱ्या दुसऱ्याला जातात, ही भीती असतेच. युरोपीय संघाने हे दुखणं ओळखून कायद्यातच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या 2006 च्या 561 क्रमांकाच्या नियमावलीतल्या दहाव्या कलमानुसार, अंतर, पोचवण्याची घाई किंवा मालाचं वजन यांच्याशी जोडलेला मोबदला रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका देणारा असेल, तर तो देता येत नाही. कायदा कागदावर किती आणि रस्त्यावर किती हा वेगळा विषय. पण दुखण्याची नस बरोबर पकडली आहे.

दुसरं कारण औषधाचं आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण गोळीचा असर साधारण चार ते सहा तास. गोळी घेतल्यावर तासाभरात घाम येतो, अंग हलकं होतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो. तो गाडी काढतो. चार-पाच तासांनी, म्हणजे नेमका शेवटच्या टप्प्यात, शहराजवळच्या गर्दीत, ताप पुन्हा चढतो. गोळीने उतरलेला ताप आणि गेलेला ताप यांत फरक आहे. म्हणून गोळी घेतल्यावर ‘बरं वाटतंय, निघतो’ असा निरोप देताना गोळी किती वाजता घेतली हेही सांगावं. ऑफिसमधल्या शहाण्या माणसाला त्यावरून पुढचा अंदाज येतो.

सर्दीच्या गोळ्यांची गोष्ट याहून वाईट. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी जुन्या पिढीची औषधं हमखास सुस्ती आणतात. सर्दी-तापाच्या एकत्रित गोळ्यांमध्ये ती गुपचूप बसलेली असतात आणि पाकिटावरचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्याच रांगेतलं. सर्दीसाठी थांबायला लाज वाटते म्हणून माणूस गोळी घेतो, आणि सर्दीने नसती आली ती झोप गोळीने येते. औषध घेताना डॉक्टरला किंवा औषधवाल्याला पहिलं वाक्य ‘मी जड गाडी चालवतो’ हे सांगायचं. मग दुसरी गोळी मिळते, नाहीतर निदान किती तास थांबायचं ते तरी कळतं.

थांबायचं की नाही हे ठरवताना ‘चालवता येईल का’ असा प्रश्न स्वतःला विचारला तर उत्तर नेहमी ‘येईल’ असंच येतं. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी धरून ठेवणं अंगात ताप असतानाही जमतं. प्रश्न असा विचारावा: पुढची गाडी अचानक थांबली तर आत्ता, या अवस्थेत, मला वेळेत ब्रेक मारता येईल का? ताशी 80 च्या वेगाने गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. खोकल्याची उबळ येऊन दोन सेकंद डोळे मिटले तर 44 मीटर रस्ता न बघता कापला. पोटात कळ आली की माणूस आपसूक पुढे वाकतो. अर्धशिशीत नजरेसमोर चकाकत्या रेघा आल्या की एका बाजूचा आरसा दिसेनासा होतो. उलटी होणार असं वाटलं की लक्ष रस्त्यावरून उठून पिशवी शोधण्यात जातं. इन्शुलिन घेणाऱ्याला घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर मैलभर पुढचा धाबा गाठू म्हणण्यातही अर्थ नाही. सुरक्षित जागा दिसताच थांबून आधी 15 ग्रॅम साखर पोटात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखर जागेवर आली तरी लगेच चावी फिरवायची नाही, कारण आकडा सुधारल्यावरही डोकं काही वेळ मागेच असतं. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हाताची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काही झालं तर पहिला फोन रुग्णवाहिकेला. मालकाला नंतर.

अमेरिकेचा नियम या बाबतीत मोजक्या शब्दांत आहे. थकवा, आजार किंवा दुसऱ्या कशानेही सावधपणा कमी झाला असेल किंवा होण्याची शक्यता असेल तर व्यावसायिक वाहन चालवू नये, आणि कंपनीनेही चालवायला लावू नये किंवा चालवू देऊ नये. ‘होण्याची शक्यता’ हे शब्द मोलाचे आहेत. पूर्ण कोसळेपर्यंत थांबायची गरज नाही. अपवाद एकच: जिथे आहात तिथे थांबणं जास्त धोक्याचं असेल तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नेता येते. युरोपातही तशी जागा गाठण्यासाठी चालवण्याच्या तासांची मर्यादा थोडी ओलांडता येते, पण पोचल्याबरोबर टॅकोग्राफच्या, म्हणजे चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राच्या, कागदावर कारण हाताने लिहावं लागतं. ते लिहायचं राहिलं तर पुढे तपासणीत दिसतो तो फक्त नियमभंग. आजार कुठेच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष फोन. गाडी थांबल्यावर. चालत्या गाडीतून ‘साहेब, बरं वाटत नाहीये’ हा फोन म्हणजे आजारात आणखी एक धोका घालणं. शक्यतो ट्रक उभा करायच्या अधिकृत जागेत किंवा पंपाच्या आवारात थांबावं. अगदीच नाइलाज होऊन रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं तर चारही इंडिकेटर आणि धोक्याचे त्रिकोण आधी, फोन नंतर. अमेरिकेत हे त्रिकोण थांबल्यापासून दहा मिनिटांत लावावे लागतात. दुहेरी वाहतुकीच्या साध्या रस्त्यावर एक साधारण तीन मीटरवर, एक तीस मीटर मागे आणि एक तीस मीटर पुढे. उलट्या होत असताना तीस मीटर चालणं किती लांब वाटतं ते वेगळं सांगायला नको. कडेला थांबण्यापेक्षा पाच मिनिटं आधी, पंप दिसला तेव्हाच थांबणं सोपं, ते याचसाठी.

फोनवर काय सांगायचं याचा क्रम असावा, कारण आजारी माणूस आजाराबद्दलच बोलत राहतो आणि ऑफिसला ज्याची गरज आहे ते शेवटी तुटक हाती लागतं. आधी जागा: महामार्गाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड, कोणत्या दिशेची बाजू. दिशा सगळ्यात जास्त वेळा राहते, आणि मदतीला निघालेला माणूस दुभाजकाच्या पलीकडे उभा राहून वळणाची वाट शोधत बसतो. मग स्वतःची अवस्था एका वाक्यात: चालवू शकत नाही, किंवा इतके तास चालवू शकणार नाही. मग गाडी आणि माल: सील शाबूत आहे का, थंड माल असेल तर आतलं तापमान किती, थंड ठेवणाऱ्या यंत्राचं डिझेल किती. चौथं, कामाचे किती तास शिल्लक आहेत. आणि शेवटी, पुढचा फोन किती वाजता करणार.

फोन ठेवल्यावर तेच लिहून पाठवायचं. दोन्ही कशाला, असं वाटू शकतं. फोनवर निर्णय होतो. लिहिलेलं मात्र पाळी बदलून आलेल्या दुसऱ्या माणसाला वाचता येतं, माल घेणाऱ्याला जसंच्या तसं पुढे पाठवता येतं, आणि महिन्याभराने वाद झाला तर वेळेसकट समोर ठेवता येतं. लांबलचक नको. एवढं पुरतं:

‘पहाटे 5.10. गाडीचा शेवटचा क्रमांक अमुक. अमुक महामार्ग, किमी 214, उत्तरेकडे जाणारी बाजू, पंपाच्या आवारात उभी. मला ताप आणि उलट्या, आत्ता चालवू शकत नाही. सील ठीक, आतलं तापमान उणे 19, डिझेल अर्धी टाकी. आजचे चालवण्याचे सहा तास बाकी. डॉक्टरकडे जातोय. पुढचा फोन 8 वाजता.’

यात आजाराचा तपशील दोन शब्दांत आहे, तो तेवढाच ठेवावा. हा निरोप चार ठिकाणी फिरणार आहे. मूळव्याध असो, मूत्रखडा असो, आणखी काही असो, ते गोदामाच्या फाटकावरच्या माणसाला कळायची गरज नाही. ऑफिसला दोनच गोष्टी जास्त लागतात: झोप आणणारं औषध घेतलं आहे का, आणि आजार पसरणारा आहे का. दुसरी अशासाठी की अन्नाच्या कारखान्यात उतरवायला जाणाऱ्या ड्रायव्हरला जुलाब असतील तर त्याला आत सोडत नाहीत, आणि त्याची जागा घेणाऱ्याला केबिन पुसून घ्यावी लागते.

पोचण्याची वेळ सांगताना जीभ सैल सुटते. ‘दोनपर्यंत पोचतो.’ दोनला ‘चार’, चारला ‘सहा’. तिसऱ्या वेळेनंतर ऑफिस ड्रायव्हरवर विश्वास ठेवणं सोडतं आणि ग्राहक ऑफिसवर. त्यापेक्षा दोन वेळा सांगाव्यात: लवकरात लवकर इतके, उशिरात उशिरा इतके. माहीत नसेल तर ‘आत्ता सांगता येत नाही, आठला सांगतो’ हे चालतं, आठला खरंच सांगितलं तर. आठ वाजता काहीही बदललेलं नसलं तरी फोन करायचा. ‘ताप तसाच आहे, गाडी तिथेच आहे, पुढचा फोन अकराला’ एवढं ऐकूनही ऑफिसमधला माणूस पुढची सोय करू शकतो. गप्प फोनवर त्याला काहीच करता येत नाही.

बरं वाटलं म्हणजे निघता येईलच असंही नाही, हे नवखे ड्रायव्हर आणि ऑफिसात बसून गाड्या सोडणारे नवखे डिस्पॅचर दोघेही विसरतात. अमेरिकेच्या नियमात 11 तास चालवता येतं, पण कामावर आल्यापासूनच्या 14 तासांच्या आत. मध्ये आजारपणात तीन तास आडवं झालं तरी ते 14 तासांचं घड्याळ चालूच राहतं. स्लीपरमधल्या, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेतल्या, कमीत कमी सात तासांच्या विश्रांतीशी जोडून एकूण दहा तास भरले तरच तो वेळ बाजूला काढता येतो. युरोपात दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, आणि दर साडेचार तासांनी पाऊण तासाची विश्रांती. सकाळी आठला आजारी पडून दुपारी तीनला टुणटुणीत झालेल्या माणसाकडे अंगात ताकद असते, कायद्यात वेळ नसतो. म्हणून निरोपात शिल्लक तास लिहायचे.

मालानुसार घाई बदलते. लोखंडाच्या सळयांना एक दिवस उशीर झाला तर शिव्या पडतात, सळया तशाच राहतात. गोठवलेला माल उणे 18 वर लागतो. त्याला गाडी थांबल्याचं दुःख नाही, यंत्र थांबल्याचं आहे. दवाखान्यात चार तास बसलेल्या ड्रायव्हरच्या मागे यंत्राचं डिझेल संपलं की नुकसान उशिराचं राहत नाही, अख्ख्या मालाचं होतं. लसी आणि बरीच औषधं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, आणि त्यात गोठणंही तितकंच वाईट. जिवंत जनावरं असतील तर पाणी, हवा आणि सावली यांचं काय, हे पहिल्याच फोनवर ठरलं पाहिजे. तयार काँक्रीट हा तर वेगळाच प्राणी. कालवल्यापासून साधारण दीड ते दोन तासांत ते ओतावं लागतं, त्यामुळे तिथे ‘तासभर बघू’ म्हणजे ड्रममध्ये दगड. स्फोटक किंवा ज्वालाग्राही माल असेल तर गाडी सोडून दवाखान्यात जाणं हाच नियमभंग ठरू शकतो. अशा वेळी ऑफिसने राखणीची सोय करेपर्यंत डॉक्टरलाच गाडीकडे बोलवावं किंवा स्थानिक पोलिसांना कळवावं.

दुसरा ड्रायव्हर येणार असेल तर सुपूर्द करणं नीट व्हावं. चावी टायरवर ठेवून जायची पद्धत सर्रास आहे आणि ती चोरालाही ठाऊक आहे. चावी हातात द्यावी. ते जमत नसेल तर पंपाच्या व्यवस्थापकाकडे, ऑफिसने त्याच्याशी आधी बोलून. सीलचा क्रमांक वाचता येईल असा फोटो, चारी बाजूंनी गाडीचे फोटो, डिझेलचा काटा, किलोमीटरचा आकडा. बिल्टी आणि बाकी कागद मोजून. गाडीच्या खोडी सांगाव्यात, म्हणजे डावीकडचा मागचा टायर हवा सोडतो वगैरे. आजारी माणसाला हे सगळं जड जातं हे खरं, म्हणून ऑफिसनेच फोनवर एकेक विचारत करून घ्यावं. नुसता ट्रेलर बदलायचा असेल तर हँडब्रेक, मग ट्रेलरचे पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली, मग हवेच्या नळ्या आणि विजेची तार काढणं, मग कपलिंगचा दांडा ओढणं आणि गाडी हळू पुढे. जमीन मऊ असेल तर पायांखाली फळ्या. नळ्या काढायच्या विसरून पुढे गेलेल्या गाड्यांच्या तुटलेल्या नळ्या प्रत्येक गॅरेजात पडलेल्या असतात, आणि डोकं ठणकत असलेला माणूस तीच चूक करतो.

फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाबद्दल दोन शब्द, कारण उद्याचा फोन किती वाजता येणार हे पुष्कळसं त्याच्या पहिल्या प्रश्नावर ठरतं. ‘मग पोचणार कधी?’ हा पहिला प्रश्न असेल तर समोरून खोटी वेळ येते. आजारी माणसाला भांडण नको असतं, तो समोरच्याला हवं ते बोलतो. ‘कुठे थांबलायस, जागा सुरक्षित आहे ना, सोबत कोणी आहे का?’ हे आधी. मग ‘चालवायच्या अवस्थेत आहेस का?’ आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते तिथेच संपवायचं. ‘थोडं थोडं करून ये ना’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी दबावच असतो. अमेरिकेत नियम मोडून चालवायला ड्रायव्हरवर दबाव आणणं हा 2016 पासून स्वतंत्र नियमभंग आहे, आणि तो माल पाठवणाऱ्यालाही लागू होतो. पोचण्याची वेळ ग्राहकाला ऑफिसने कळवावी. ड्रायव्हरकडून ग्राहकाला आणि ऑफिसकडूनही ग्राहकाला असे दोन निरोप गेले की ते कधीच जुळत नाहीत.

ग्राहकाला कारण खरं सांगावं. ‘रस्त्यात गर्दी होती’ हे जुनं नाणं आता चालत नाही. गाडी तीन तास एकाच पंपावर, इंजिन बंद करून उभी होती, हे जीपीएसवर दोघांनाही दिसतं. भरपाईचा वाद आला तर सगळ्यात जास्त महागात पडते ती हीच थाप. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या रस्तावाहतुकीसाठी 1956 मध्ये जिनिव्हात झालेला सीएमआर करार आहे. त्यात वाहतूकदाराला टाळता न येणाऱ्या आणि परिणाम रोखता न येणाऱ्या परिस्थितीत जबाबदारीतून सूट आहे, पण ते सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर. ड्रायव्हर आजारी पडणं टळलं नसेल, पण आठ तास कुणाला कळवलंच नाही, हे टळण्यासारखं होतं असं समोरचा वकील म्हणणारच. त्याच करारात उशिराची भरपाई वाहतुकीच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, आणि माल हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार नसेल तर उशिराची भरपाई मागता येत नाही. तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्यावी, ते तीन-चार निरोप पुसू नयेत, आणि पोच घेताना उतरवणाऱ्याने ‘उशिरा मिळाला’ असा शेरा मारला तर त्यावर वाद न घालता त्याचा फोटो काढावा.

एक गोष्ट बरं असतानाच करून ठेवायची. बेशुद्ध माणसाला फोनचं कुलूप उघडता येत नाही. कुलूप न उघडता दिसणारी वैद्यकीय माहिती फोनमध्ये भरता येते. तीत ऑफिसचा आणि घरचा नंबर, रक्तगट, चालू औषधं आणि ॲलर्जी. हेच एका कार्डावर लिहून खिशात, गाडीच्या क्रमांकासकट. दवाखान्यातल्या नर्सला त्या कार्डावरून कळलं की या माणसाची भरलेली गाडी कुठेतरी उभी आहे, तर ऑफिसला फोन तिच्याकडून जातो.

आणि महिना संपल्यावर हिशोब होतो. पहाटे पाचला फोन केलेल्या फेरीसमोर काय आकडा लिहिला जातो, अर्धी फेरी, पूर्ण फेरी की भोपळा, आणि आणलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च कुणाच्या नावावर पडतो, हे त्या ऑफिसच्या सगळ्या ड्रायव्हरांना संध्याकाळपर्यंत कळतं. त्यांच्यातला कोणीतरी त्याच आठवड्यात कुठल्यातरी पंपावर अंगावर चादर ओढून, फोन हातात धरून बसलेला असतो.